कुत्र्याची वजडी

आमच्या घरी कुत्रा कधीच नव्हता, हे आधी सांगून टाकते. पळस्प्याच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत असलेल्या आमच्या गावात भटकी कुत्री ढिगाने होती, पण आमचं म्हणावं असं एकही नाही. माझ्या आयेला तर कुत्रं ओटीवर आलेलंही खपायचं नाही. तरी माझ्या सासरी सगळ्यांना ठाऊक होतं की माझ्या माहेरी एक कुत्रा आहे आणि त्याला वजडी फार आवडते.

वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट आणि आतडी. आये दर रविवारी सकाळी पनवेलच्या बाजारात जायची. तिथला म्हातारा मटणवाला कोकणी मुसलमान. तो तिला लांबूनच हाक मारायचा, "मावशी, तुमची अमानत बाजूला ठेवलीय." घरी आली की आये मोरीपाशी बसायची. पोट गरम पाण्यात घालून, चुना लावून, वरचं काळं साल सुरीने खरवडायची. आतडी हिराच्या काडीने उलटी करायची. मग सात पाणी. एक पानी, दोन पानी, अशी मोठ्याने मोजत धुवायची. सातवं पाणी ओंजळीत घेऊन दारातल्या उजेडाला धरायची आणि त्यात एवढंसं कसपट दिसलं तरी आठवं काढायची. आमच्या घरात प्यायचं पाणीसुद्धा इतकं निरखून कुणी बघत नसे. दुपारी चण्याची डाळ घातलेली वजडी आणि तांदळाची भाकरी. मी हावरटासारखी जेवायचे.

माझं लग्न झालं ते दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत, ऑफिसातल्याच मुलाशी. सासर मूळचं ठाण्याचं, फ्लॅट नवीन पनवेलला. त्यांच्याकडे मटण व्हायचं आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्या आवडीने खायच्याही. फक्त मांडी, छाती, फार तर नळी. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "आम्ही सगळं खातो हं, पण तसलं काही नाही." मला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मी पटकन बोलले, "आमच्याकडेपण नाही."

तसलं. त्या एका शब्दात आये, तिची मोरी आणि सातही पाणी येऊन गेली. मी मात्र मान डोलावत बसले.

वर्षभराने मला दिवस गेले. काही पोटात ठरेना आणि डोहाळे लागावेत ते नेमके वजडीचे. एका दुपारी घरात कुणी नाही बघून मी आयेला फोन केला आणि अक्षरशः रडले. "मी घेऊन येतंय गो बाय," ती म्हणाली. कधी ते बोलली नाही. मीही विचारलं नाही, ती माझी चूक.

ती आली रविवारी, ऐन दुपारी, आम्ही सगळे हॉलमध्ये असताना. घामाघूम झालेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. तिने बसायच्या आधीच कौतुकाने झाकण उघडलं. वास घरभर झाला. आईंनी नाकाला पदर लावला नाही, तेवढ्या त्या सभ्य आहेत. त्यांनी फक्त विचारलं, "काय आहे हे?"

"कुत्र्याचं आहे," मी म्हणाले. "आयेकडे कुत्रा आहे ना, त्याचं. डबा बदलला वाटतं."

आयेने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग झाकण लावलं, काठाला लागलेला मसाला पदराने पुसला आणि म्हणाली, "व्हय, विहीणबाय. घाईत चुकीचा डबा उचलला मी." चहा घेऊन ती तो डबा घेऊन परत गेली. मी गॅलरीतून बघत होते. ती पिशवी हातात न धरता छातीशी धरून चालत होती. मला तिच्या मागे पळत जावंसं वाटलं आणि मी गेले नाही.

तिथून तो कुत्रा वाढायला लागला. आईंना जनावरांची माया. मी माहेरी निघाले की त्या उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधून द्यायच्या, "त्याला घाला." सणाला दोघी भेटल्या की चौकशी व्हायची. एकदा त्यांनी नाव विचारलं तेव्हा आये गडबडली आणि म्हणाली, "कुत्राच म्हनतो आमी." घरी सगळे हसले. मीही हसले.

मी माहेरी गेले की आये आता चिकन करायची. एकदा मी म्हटलं, "आये, वजडी कर ना." ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "ती कुत्र्याची हाय. तुला नको." मला राग आला, तिचाच. स्वतःचा यायला बरीच वर्षं गेली.

माझी मुलगी दहा वर्षांची होती तेव्हा आयेला न्यूमोनिया झाला. ताप उतरला, पण तोंडाची चवच गेली. पेज पुढे केली की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, आवडेल ते द्या, पण पोटात जाऊ दे. मी बाजारात गेले. त्या म्हाताऱ्याच्या जागी आता त्याचा मुलगा बसत होता. वजडी मागितली तर म्हणाला, "कुत्र्यासाठी का मॅडम? मग अशीच देतो. सोसायटीवाले तशीच नेतात."

"माणसांसाठी," मी म्हणाले. एवढं बोलायला मला पस्तिशी ओलांडावी लागली.

मोरीपाशी मी बसले. आये खाटेवरून मोजत होती. पाचव्या पाण्याला तिने विचारलं, "उजेडात धरलंस?" किती दिवसांनी तिच्या आवाजात धार आली होती. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. वजडी शिजत आली आणि तेवढ्यात दारात आई. फळं घेऊन बघायला आल्या होत्या. वास आल्यावर त्या थबकल्या.

मी तोंड उघडायच्या आत आये खाटेवरून म्हणाली, "कुत्र्याची हाय, विहीणबाय."

"अजून आहे तो?" आईंना खरंच आनंद झाला. "म्हातारा झाला असेल हो."

"दात नायत आता. मऊ शिजवून लागतं." धाप लागत होती, तरी आये बोलत होती.

"बघू तरी एकदा," म्हणत आई मागच्या दाराकडे निघाल्या. आये उठून बसायची धडपड करू लागली. ते मला बघवेना.

"आई, कुत्रा नाही," मी म्हणाले. "कधीच नव्हता. वजडी आये खाते, मीपण खाते. तेव्हाचा डबा मीच मागवला होता."

त्या दाराशीच उभ्या राहिल्या. वळून म्हणाल्या, "मग माझ्या पोळ्या?"

मला वाटायचं, आये त्या गावातल्या कुत्र्यांना घालत असेल. मी तिच्याकडे बघितलं. ती पांघरुणाचं टोक चिमटीत धरून बसली होती. "अन्न हाय," ती म्हणाली. "टाकायचं कसं?"

आई फळं ठेवून, चहा न घेता गेल्या. मी ताट वाढून आणलं. मला वाटलं होतं, आता तरी तिला हलकं वाटेल. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"एवढी वर्सं पाळला मी त्याला तुझ्यासाठी," ती म्हणाली. "एका घडीत मारलास."