सोडू का?

माझा देवीवर राग होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं, बाई मोठी भाविक दिसते. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि गेली वीस-बावीस वर्षं कॉलेजचं समूहगान बसवते. नोकरी परीक्षानळ्यांची, जीव मात्र गाण्यात. प्रॅक्टिकल संपलं की त्याच खोलीत स्टुलं बाजूला सारून, अ‍ॅसिडच्या वासात आमची तालीम चालते. दीड वर्षापूर्वी माझ्या गळ्याला थायरॉइडची गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरच्यांनी देवीपुढे नारळ फोडला. आणि इकडे मी शुद्धीवर येऊन पहिला शब्द बोलले, तर तो आवाज माझा नव्हताच. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, सहा महिने जाऊ द्या, येईल परत, किंवा... त्या ‘किंवा’च्या पुढे ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

बोलणं हळूहळू सुधारलं. गाणं नाही. वरच्या सुरांकडे जायला लागलं की गळ्यात कुणीतरी कडी घातल्यासारखं व्हायचं. मी हे कुणालाच सांगितलं नाही. कधी सर्दी, कधी रस्त्याच्या कामाची धूळ, कधी ‘जरा घसा बसलाय रे’, अशी वर्षभर कारणं देत राहिले. मुलांना चाल शिकवताना पेटीवर बोटांनी दाखवायचे, अगदीच अडलं तर खालच्या पट्टीत, गळा आवळून, कशीबशी ओळ म्हणायचे. मुलं गुणी, काही विचारायची नाहीत. रात्री अंथरुणावर पडलं की मात्र देवीशी भांडण सुरू. बाकी काहीही न्यायचं होतंस, म्हटलं, आवाजच का? तो काय मी स्वतःसाठी वापरत होते? हे थोडं खोटं होतं, स्वतःसाठीही वापरत होतेच, पण भांडताना माणूस कुठे एवढा प्रामाणिक असतो.

यंदा युवा महोत्सवाची आमची फेरी दापोलीला लागली आणि मी ठरवलं, आता पुरे. ज्याला गाता येत नाही त्यानं गाणं शिकवू नये. प्राचार्यांच्या नावानं पत्र लिहिलं, की प्रकृतीमुळे समूहगानाची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्यावी. पत्र पर्समध्येच राहिलं, द्यायला हात काही होईना. अशात माझ्या चुलतभावाकडे पूजा होती म्हणून मंडणगडाकडच्या माहेरी गेले. तिथे आमच्या देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं ओल्या कळ्या चिकटवायच्या, मनातला प्रश्न विचारायचा, उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहानपणापासून ऐकलेलं. कधी स्वतः लावला मात्र नव्हता.

गुरवकाकांनी कळ्या लावल्या. म्हणाले, “विचार गो बाय, मोठ्यानं नको, मनात विचार.” मी डोळे मिटले आणि म्हटलं, आई, सोडू का? एवढंच. काय सोडू ते सांगायची गरज वाटली नाही, तिला कळत नाही होय? तेवढ्यात काकांचा मोबाईल वाजला आणि गाभाऱ्यात रेंज नाही म्हणून ते “थांब हां” म्हणत बाहेर पळाले. मी एकटीच उभी. किती वेळ गेला कोण जाणे. आणि डावीकडची कळी टपकन खाली पडली. म्हणजे नकार. म्हणजे सोडू नकोस. खरं सांगते, मला होकार हवा होता. इतका राग आला! सोडूही देत नाहीस आणि आवाजही देत नाहीस, हे कसलं देवपण? काका परत आले तेव्हा “मिळाला कौल” एवढंच बोलून मी चपला घातल्या. पत्र मात्र एसटी स्टँडवर फाडून टाकलं. रागावले असले तरी देवीचं मोडायची छाती नव्हती.

दापोलीला आम्ही पहाटेच्या गाडीनं गेलो. आमचा नंबर दुपारी होता, म्हणून तिथल्या कॉलेजच्या मागे, झाडाखाली सतरंजी टाकून शेवटची तालीम घेतली. आमच्या मराठीच्या सरांनी होडीवाल्यांवर लिहिलेलं गीत होतं, आणि त्याचा अंतरा वरच्या ‘सा’ला जाऊन उभा राहतो. मुलं सुरात होती, शब्द चोख होते, पण गाणं कसं दारं-खिडक्या लावून बसल्यासारखं येत होतं. आमची मुख्य गाणारी सायली. बंदरावरच्या घरातली मुलगी, बापाला होडीवर हाक मारली तर धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा गळा. तीसुद्धा ‘सा’ लावताना मान आखडून, गळा आवळून, चोरासारखी वर जात होती. मी वैतागले. म्हटलं, “अगो, घाबरत्येस कशाला? असा कुठे लावतात सा?” ती बिचारी गोंधळली. म्हणाली, “पण मॅडम, तुम्ही दाखवता तस्साच लावत्ये मी.”

मेलेच मी. पेटीवरचे हात तिथेच थांबले. एकेकाकडे बघितलं. सहाच्या सहा जण तसेच गात होते. वर्षभर मी माझं दुखणं लपवलं असं समजत होते, आणि मुलांनी ते सूर समजून पाठ केलं होतं. त्यांच्या धडधाकट गळ्यांवर माझ्या ऑपरेशनचा व्रण उमटला होता. दोन तासांनी स्पर्धा. आता ह्यांना काय सांगू, कसं सांगू? देवीचा कौल ऐकून हे झालं, असंही मनात आलं. सायली म्हणाली, “मग तुम्ही एकदा मोकळेपणानं दाखवा ना. तुमचा जुना आवाज मी ऐकलाच नाही.” सहा जोड्या डोळे माझ्यावर. पळून जाता आलं असतं तर गेले असते. भाता ओढला, अंतऱ्याची ओळ धरली, वर चढायला लागले आणि गळ्यातली ती कडी लागायला आली, नेमकं तेव्हा पाठीमागून कुणी बाई कडाडली, “सोड गो, सोड! कवापासून धरून बसलीस!”

मी दचकले आणि सोडला. आवाज सुटला म्हणायचं खरं तर, मी काही केलं नाही. भाकरीच्या कडेसारखा खरखरीत, जाड, पूर्वीशी काही नातं नसलेला, पण भरदार आवाज. ‘सा’ लागला. कणभर खाली असेल, पण लागला आणि टिकला. मुलं बघतच राहिली. मी मागे वळले तर एक बाई झाडांना पाणी घालायची नळी हातात धरून उभी होती, आणि नळाशी दुसरी एक, पाय नळीवर देऊन गप्पा मारत. “सोड म्हणत्ये, पाणी सोड!” दुसरीनं पाय काढला, पाणी आलं, आणि त्या बाईनं माझ्याकडे ढुंकूनही न बघता जास्वंदीला पाणी घालायला सुरुवात केली. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही फुटलं. सायली माझ्या गळ्यातच पडली. मग मी मुलांना सगळं सांगून टाकलं, ऑपरेशन, नस, सर्दीची खोटी कारणं. ऐकून झाल्यावर सायली म्हणाली, “मॅडम, पुन्हा घेऊया?”

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. मोकळं गायच्या भरात दोघं शेवटच्या ओळीला पुढे पळाले आणि ताल सुटला. पण अंतरा असा उभा राहिला की मागच्या रांगेतले लोक माना वर करून बघायला लागले, आणि येताना एसटीत मुलं एवढ्या मोठ्यानं गात होती की चालक म्हणाला, खेडपर्यंत तरी टप शाबूत राहू दे. नंतर डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नस बहुधा केव्हाच सुधारली असेल, तुम्ही भीतीनं गळा धरून ठेवत होतात. असेल तसंही. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. ती नळीवाली बाई कोण, तिचं नाव काय, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

पंधरवड्यानं ओटी भरायला माहेरी गेले. गुरवकाकांना म्हटलं, “देवीनं सोडू नकोस म्हणून सांगितलं होतं, बरं झालं ऐकलं.” कौतुकानं त्यांनी विचारलं, “कुठली पडली होती कळी?” मी हातानं दाखवलं, ही, डावीकडची. काका देवीकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या समोर तो डावीकडे दिसत होता. “उजवं-डावं देवीचं बघायचं गो बाय, आपलं नाय. तुला होकार दिलान तिनं.”

म्हणजे देवी हो म्हणाली होती. सोड म्हणाली होती. आणि मी न सोडता बसले, तिचं ऐकते असं समजून तिचं मोडलं, आणि तरी पदरात हे पडलं? मग दापोलीला काय झालं? की मी विचारलंच अर्धवट? गाण्यातली आम्ही माणसं उठता-बसता म्हणतो, आवाज सोडा, गळ्यात धरू नका. तिनं ‘आवाज सोडू का’ ह्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं का? की हे सगळं मी आता माझ्या सोयीनं जुळवत्ये? काकांना विचारलं तर म्हणाले, “मी नुसत्या कळ्या लावतो.” अजून माझं डोकं चालत नाही. एवढं कळतं, की आंधळेपणानं चुकीच्या बाजूला वळले तरी कुणीतरी माझा हात सोडला नव्हता. त्यापुढचं मला कळत नाही, आणि आता ते कळायलाच हवं असा हट्टही उरलेला नाही.

आरतीची वेळ झाली. देवळात आम्ही दोघंच. काकांनी घंटा हातात घेतली आणि मी गावची आरती सुरू केली, माझ्या नव्या जाड आवाजात. दुसऱ्या कडव्याला पोचले आणि गळा दाटला. नस नव्हे, नुसतं रडू. शब्दच उमटेना. तर काकांनी ओळ उचलली. काका सुरात गात नाहीत, कधीच गायले नाहीत, आणि बेसूर गाणारा माणूस मला आयुष्यात कधी सहन झालेला नाही, वर्गातून मुलांना बाहेर काढलंय मी त्यासाठी. डोळे पुसले, श्वास घेतला. उपकार मानायला काय काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते सगळं राहिलं. काकांच्या आवाजाला मिळायला मला अर्धा सूर खाली उतरावं लागत होतं. उतरले, आणि आरती आम्ही दोघांनी मिळून पुरी केली.