पिवळं काढलेली अंडी

सतऱ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सतरा नंबरचा पाना कायम मागच्या खिशात, म्हणून वर्कशॉपमध्ये कुणीतरी त्याला सतऱ्या म्हणायला लागलं आणि तेच चिकटलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कामात मी त्याच्याबरोबर एकोणीस वर्षं काढली. बंद पडलेल्या लिफ्टपाशी गेला की तो आधी दाराला कान लावायचा, मग वर जाऊन मोटरला, आणि पाच मिनिटांत सांगायचा, "ब्रेकची पट्टी गेलीय," किंवा, "तिसऱ्या मजल्याचा स्विच." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं नाही.

स्वयंपाकाशी त्याचा संबंध ताटापुरता. पण एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम कंपनीला मिळालं, आणि आम्हा दोघांची पाळी पहाटे सहाची झाली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, रक्त तपासायच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला. तिला साडेसहाला हजर व्हावं लागे. मागे राहायची त्यांची एकुलती एक लेक ठकू. वय सोळा. ती सातला उठायची, एकटीच आवरायची, एकटीच शाळेत जायची.

"पोरगी उपाशी जाते रे," सतऱ्या मला म्हणाला. "बिस्किटं खाते आणि पळते."

त्याच सुमारास आम्ही एका बेकरीतली मालाची लिफ्ट नीट केली. बेकरीवाल्याने खूश होऊन त्याला एक जुना साचा दिला, बारा खळग्यांचा, छोट्या केकचा. वर सांगितलं, "केकच कशाला, यात अंडी भाजा. रविवारी करा, आठवडाभर फ्रीजमधून काढून गरम करून खा."

पहिल्या रविवारी त्याने साच्याला तेलच लावलं नाही. अंडी अशी चिकटली की शेवटी बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक उकरून काढावं लागलं. दुसऱ्या रविवारी पालक पिळायचा राहिला आणि खळग्यातून निघालेल्या अंड्याच्या प्रत्येक वाटीच्या तळाशी पाणी. पण सतऱ्या हटणारा नव्हता. ओव्हन डावीकडे जास्त तापतो हे त्याने हुडकून काढलं. दहा मिनिटं झाली की साचा फिरवायचा, वीस मिनिटांनी मधल्या वाटीत काडी खुपसायची, कोरडी आली की झालं. भाजताना त्या वाट्या टम्म फुगतात आणि बाहेर काढल्या की मिनिटभरात खाली बसतात. याचं त्याला फार वाईट वाटायचं. एकदा त्याने मला विचारलं होतं, "बसू नयेत म्हणून काही करता येईल का रे?" जसं काही मी आयुष्यभर अंडीच भाजत आलोय.

कांदा, ढोबळी मिरची, पिळलेला पालक, वर किसलेलं चीज, त्यावर दूध घालून फेटलेली अंडी. बारा वाट्या. तिघांना चार दिवस पुरायच्या, मग गुरुवारी पुन्हा एक घाणा. ठकू डब्याच्या झाकणावर चिठ्ठ्या चिकटवून जायची. "आजची खारट. स्वयंपाक्याचा पगार कापण्यात येईल." सतऱ्या त्या चिठ्ठ्या कामावर घेऊन यायचा आणि आम्हा सगळ्यांना वाचून दाखवायचा.

मग एक दिवस ठकू म्हणाली, "बाबा, माझ्या वाट्यांत चीज नको घालूस."

सतऱ्याला आनंदच झाला. पोरगी काही मागते आहे, ते करायला काय लागतं? त्याने चार वाट्या बिनचीजच्या केल्या. महिन्याने ती म्हणाली दूध नको. त्याने दूध बंद केलं. मग साच्याला तेल नको. त्याने कागदाच्या वाट्या आणल्या. मग पिवळं नको, नुसतं पांढरं.

"पिवळ्या बलकाशिवाय चव काय लागणार गं?"

"मला तसंच आवडतं, बाबा."

तो ते काढत गेला. मला कौतुकाने सांगायचा, "आमची ठकू तब्येतीला फार जपते बरं का. नाहीतर आपण बघ." आणि स्वतःच्या पोटावर थाप मारायचा. मीही हसायचो. माझ्या डोक्यातही काही आलं नाही. चिठ्ठ्या कधी बंद झाल्या ते त्याला आठवतही नाही. उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसायला लागली तेव्हा वहिनीने विचारलं होतं. "वर्गात एसी असतो," असं उत्तर मिळालं. गाल आत गेले तर सतऱ्या म्हणाला, उंची वाढतेय.

त्यांच्या इमारतीचा वॉचमन बरा माणूस, जरा बडबड्या. एका गुरुवारी सतऱ्या कामावरून लवकर परतला, तर वॉचमन गेटपाशीच उभा.

"साहेब, एक सांगायचं होतं. राग नका मानू."

"बोला की."

"तुमची मुलगी रोज सकाळी मला ती अंडी देऊन जाते ना, फार चांगलं करता तुम्ही लोक. तीन-चार महिने झाले, माझा नाष्टा तोच. पण हल्ली त्यात पिवळं नसतं. जमलं तर पिवळं घालत चला. नुसतं पांढरं घशाखाली उतरत नाही."

सतऱ्या मला म्हणाला, "मी त्याला काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, बरं, घालतो."

मग तो जिना चढून गेला. लिफ्ट चालू होती तरी जिन्याने. चौथ्या मजल्यावर पायरीवर बसून राहिला, कारण घरात गेल्यावर काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

वहिनी आल्यावर दोघांनी ठकूला स्वयंपाकघरात टेबलाशी बसवलं. सतऱ्याने एक वाटी गरम करून तिच्यापुढे ठेवली. ठकू बशीकडे बघत बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वहिनीने समजावलं, मग दटावलं, मग तिचे हात धरले. सतऱ्या म्हणाला, "एवढीशी तर आहे. दोन घास."

"मला जमत नाहीये, बाबा."

"खायला काय जमायचं असतं त्यात?"

हे आपलं वाक्य त्याने मला निदान वीस वेळा तरी सांगितलं असेल. ते ऐकून ठकू रडली नाही, ओरडली नाही. तिने चमचा उचलला, वाटीचा एक तुकडा तोडला, तोंडापर्यंत नेला आणि परत बशीत ठेवला. सतऱ्या म्हणाला, "अरे, उंचीची भीती असलेला माणूस मी लिफ्टच्या उघड्या, खोल शाफ्टच्या काठावर पाहिलाय. अगदी तसा तिचा चेहरा झाला. समोर अंडं, आणि पोरीचा चेहरा तसा."

पुढच्या सोमवारी ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली.

तिला आणलं ते आमच्याच हॉस्पिटलमध्ये. आम्ही तेव्हा मागच्या लिफ्टचा दोर तपासत होतो. सतऱ्या तेलाच्या हातांनी तसाच धावला. मी मागोमाग पोचलो तेव्हा एक तरुण नर्स ठकूची शीर शोधत होती. एका हातात सापडेना म्हणून दुसरा हात घेतला, तिथेही दोनदा सुई चुकली. वहिनी शेजारी उभी. वीस वर्षं दिवसाला साठ-सत्तर जणांचं रक्त काढणारी बाई. नर्सने तिच्या अंगावरचा लॅबचा कोट पाहिला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बघता का?" वहिनीने सुई हातात घेतली. ठकूच्या मनगटावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग सुई परत ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाली, "मला नाही होणार." आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

डॉक्टर बाई वयस्कर होत्या, शांत. त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, हट्ट नाही, नखरा नाही. मन आणि शरीर दोन्हींचा आजार आहे आणि वेळ लागेल.

सतऱ्याने विचारलं, "पण बिघाड नेमका कुठे आहे?"

"तसा एका जागी दाखवता येत नाही."

"कशामुळे झालं? आमचं काही चुकलं?"

"चूक शोधू नका. त्याचा उपयोग नाही."

"ती म्हणाली तसं मी एकेक काढत गेलो. चीज, दूध, पिवळं."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "ते ती सांगत नव्हती. आजार सांगत होता. तुम्हाला कसं कळणार?"

त्यांनी ते धीर देण्यासाठीच सांगितलं असणार. पण सतऱ्याने त्यातलं निम्मंच उचललं. आजार सांगत होता आणि मी करत होतो, हे तो नंतर लिफ्टच्या छतावर बसून, शाफ्टच्या अंधारात, मला सांगत राहिला. मी बॅटरी धरून उभा. "ब्रेक बघायचाय ना," एवढंच म्हणालो.

ठकू वॉर्डात सात आठवडे होती. घरचं खाणं आणायला बंदी. जेवणाच्या वेळी आईबापांनी थांबायचं नाही, तिथली माणसं मुलांबरोबर टेबलाशी बसत. सतऱ्या त्याच इमारतीत दिवसभर वरखाली करायचा. बाराच्या ठोक्याला त्या मजल्यावर लिफ्ट थांबली की जेवणाच्या गाडीचा आवाज यायचा, आणि हा बटण दाबून खाली निघून यायचा.

रविवारचं भाजणं मात्र त्याने सोडलं नाही. का, ते मी विचारलं नाही. सोमवारी तो मोठा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये यायचा. बाराच्या बारा वाट्या, चीज घातलेल्या, दूध घातलेल्या, भरपूर पिवळ्या. "खा रे, नाहीतर फेकायला लागतील." वहिनी घरी खात नसे, त्याला स्वतःला जात नसे. आम्ही पाच-सहा जण उभ्याउभ्या खायचो. चवीला उत्तम असायच्या, खोटं कशाला बोलू. पण कुणी कुणाकडे बघत नसे. आमच्यातला एक वेल्डर, एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करणारा, दुसऱ्या सोमवारी म्हणाला, "आज माझा उपास आहे." आणि बाहेर जाऊन उभा राहिला. तो कसला उपास करतो.

सात आठवड्यांनी ठकू घरी आली. वजन थोडं वाढलं होतं, डोळ्यांत थोडं तेज. वहिनीने दुपारची पाळी मागून घेतली. आता सकाळचा नाष्टा तिघांनी एकत्र बसूनच करायचा, असा डॉक्टरांचा नियम. पदार्थ ठरलेले, अंड्याची वाटी त्यात होती, पूर्ण अंड्याची. ठकू खायची. कधी अर्ध्या तासात, कधी दीड तासात, कधी नाहीच. सतऱ्या रोज उशिरा यायचा आणि मी त्याची हजेरी सांभाळायचो. त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, आज किती खाल्लं ते.

चार महिन्यांनी ती पुन्हा दाखल झाली. पुन्हा सहा आठवडे. पुन्हा घरी. तिची शाळा एक वर्ष मागे पडली. मैत्रिणी पुढे गेल्या. सतऱ्याचे केस या दीड वर्षात पार पांढरे झाले.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो, चाव्यांचा जुडगा द्यायला. तिघं टेबलाशी होती. वहिनी म्हणाली, "भावजी, बसा ना." सतऱ्याने मला डोळ्यांनी खुणावलं, बस. दार उघडायला आला तेव्हाच तो हळूच कानात म्हणाला होता, "ताटाकडे बघायचं नाही. खाण्याबद्दल बोलायचं नाही. दुसरं काहीही बोल. माझ्याकडचं सगळं सांगून संपलंय."

मी बसलो. ठकूने वर बघितलं आणि म्हणाली, "काय काका, बरे आहात?" आवाज अगदी तिचा पूर्वीचा. मग मी सुरू झालो. माझ्या सासूबाईंनी बँकेत दुसऱ्याचीच छत्री उचलली, ती परत करायला गेल्या तर आपलीच तिथे ठेवून तीच छत्री पुन्हा घेऊन आल्या, असं काहीबाही. जे खरं होतं त्यात मी बरंच पदरचं घातलं. वहिनी हसली. सतऱ्या खिडकीबाहेर बघत हसला. ठकूही हसली, आणि तिचा चमचा बशीवर वाजल्याचं मला ऐकू आलं. मग पुन्हा वाजला. मी छत्रीची गोष्ट लांबवत नेली. बँकेचा शिपाई घातला, मॅनेजर घातला. अर्धा तास बोललो असेन. घसा कोरडा पडला.

आणि गोष्ट संपवता संपवता, का कोण जाणे, माझी नजर बशीवर गेली. वाटी अर्ध्याहून कमी उरली होती. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर आला असणार.

ठकूने ते पाहिलं. चमचा हळूच खाली ठेवला. "मी उठू?" तिने आईला विचारलं. वहिनी म्हणाली, "अजून थोडं बसू या." ठकू बसली. वीस मिनिटं बसली. पण चमचा तिने पुन्हा उचलला नाही. शेवटी वहिनीने बशी उचलली.

सतऱ्या मला खाली सोडायला आला. मी लिफ्टमध्ये त्याला म्हणालो, "माझ्यामुळे झालं रे. मी बघायला नको होतं."

तो बराच वेळ मजल्यांचे आकडे बघत होता. तळमजला आला, दार उघडलं.

"होतं असं," तो म्हणाला. "माझ्याकडून तर रोज होतं."