ब्रेकवाल्या मामांचा पिकअप

आमच्या हिच्या मामांइतकी हळू गाडी चालवणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नाही, हे मी कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, सगळ्यात उजवीकडची लेन, काटा पंचावन्न मैलांवर, आणि पुढच्या गाडीपासून इतकं अंतर की त्यात आणखी चार गाड्या येऊन बसतात. त्या बसल्या की मामा मागे सरकून नवीन अंतर तयार करतात. या पद्धतीने खरं तर माणूस कुठेच पोचायला नको, पण मामा पोचतात. एकदा मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला पोचले तेव्हा सेक्रेटरी खुर्च्या उचलत होते. मामांनी शांतपणे कोट काढला आणि खुर्च्या उचलायला लागले. वर मला म्हणाले, "बघा जावईबुवा, आपण वेळेवर आलो. मदतीला कोणीच नव्हतं."

तर या माणसाने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, वेस्ट विंडसरमधल्या आपल्या घराच्या गराजमध्ये, वेगाचा विक्रम मोडण्यासाठी डिझेल पिकअप बांधायला घेतला. युटामध्ये मिठाचं एक भलंमोठं सपाट मैदान आहे. तिथे हौशी मंडळी घरी बांधलेल्या गाड्या घेऊन येतात आणि एकेकटी, सरळ रेषेत, जीव खाऊन पळवतात. प्रत्येक जातीच्या गाडीचा वेगळा विक्रम, आणि तो मोडणाऱ्याचं नाव त्यांच्या वहीत कायमचं. हे सगळं मला पहिल्यांदा हिने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, मामांना एकदा डॉक्टरकडे ने."

पण त्यामागे कारण होतं. मामांनी चाळीस वर्षं एका ट्रक कंपनीच्या ब्रेक विभागात काढली होती. ब्रेक हा त्यांचा धर्मच. लग्नाच्या पंगतीत बसवा, बारशाला बसवा, तिसऱ्या वाक्याला गाडी ब्रेकवर येणारच. "पळायला काय, दगडसुद्धा उतारावरून पळतो. थांबायला अक्कल लागते," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते म्हणताना ते समोरच्या तरुण माणसाकडे जरा रोखून बघतात. बहुतेक वेळा समोर मीच असतो. तर त्यांच्या निरोपसमारंभात कुणीतरी नवखा मॅनेजर गमतीत बोलून गेला, की या गृहस्थांनी आयुष्यात एकही गाडी पुढे नेली नाही, फक्त थांबवल्या. सगळे हसले. मामाही हसले. घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत. पुढच्या आठवड्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकऱ्याकडून वीस वर्षांचा गंजका पिकअप ट्रेलरवर घालून दारात हजर! मामींनी विचारलं, "हे काय?" मामा म्हणाले, "हा पुढे जाणार आहे."

तिथून सहा वर्षं त्या गराजवर मामींचा हक्क राहिला नाही. त्यांची गाडी बाहेर बर्फात गेली, लोणच्याच्या बरण्या तळघरात गेल्या, आणि मी दर शनिवारी बॅटरी धरायला जाऊ लागलो. लहानपणी वडिलांसाठी बॅटरी धरली होती, तेव्हा वाटलं होतं मोठं झाल्यावर सुटका होईल. कसली सुटका! "जावईबुवा, उजेड कामावर पाडा, माझ्या टकलावर नको." मी दोन पेटंटं असलेला इंजिनिअर आहे हो, पण त्या गराजमध्ये माझी किंमत दोन सेल एवढीच होती.

फ्रीजरचीही तीच गत. धातूचा एखादा भाग गोठवला की तो किंचित आकसतो आणि भोकात नीट बसतो, म्हणून मामा असले भाग फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवत. मामी ओलं खोबरंही फॉइलमध्येच गुंडाळून ठेवत. एका दिवाळीत करंज्यांच्या दिवशी जे काही हातात आलं ते मिक्सरमध्ये पडण्याआधी मामींनी पाहिलं, हे नशीब. मामा धावत आले आणि पहिला प्रश्न विचारला, "गरम तर नाही ना झालं?" करंज्यांमध्ये खोबऱ्याऐवजी मूगडाळ होती, आणि कुणीही कारण विचारलं नाही.

शिवाय मिठावर चाकं घसरतात, म्हणून अशा गाडीत मागे वजन घालावं लागतं. नक्की किती, ते ठरवण्यासाठी मामांनी मंडळातल्या घराघरातून बासमतीच्या पिशव्या उसन्या आणल्या. प्रत्येक पिशवीवर नाव लिहिलेलं, सगळं शिस्तीत. वजन ठरलं, लोखंडाच्या पट्ट्या बसल्या, पिशव्या ज्याच्या त्याला परत गेल्या. त्यानंतर दोन महिने आमच्या गावातल्या साऱ्या मराठी घरांमध्ये वरणभाताला डिझेलचा वास येत होता. आणि इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा जो काळा धूर निघाला, तो बघून समोरच्या घरातल्या आजोबांनी थेट अग्निशमन दलाला बोलावलं. जवान धावत आले. मामांनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या ट्रकचे ब्रेक तपासून दिले.

एवढं सगळं झालं आणि जायला तीन आठवडे असताना घात झाला. चालकाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. मामांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. रोजची गाडी दिवसा जपून चालवा, डॉक्टर म्हणाली, पण शर्यतीची? नो वे. मामा घरी आले आणि गराजमध्ये जाऊन पिकअपच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. मी बॅटरी घेऊन पोचलो होतो. ती लावायची की नाही ते मला कळेना. ज्या माणसाला मी सहा वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्या शेजारी मी बॅटरी तशीच हातात धरून उभा राहिलो. "विकून टाकू," मामा म्हणाले. "कुणीतरी पळवील."

तेवढ्यात मागून मामी म्हणाल्या, "अहो, त्या गाडीत सीट किती आहेत?"

"एक."

"एकच ना? बाजूला बसून कुणी बोलणार नाही ना? मग मी चालवते."

इथे मामींबद्दल सांगायला हवं. या बाईंच्या नावावर पोलिसांनी फाडलेली वेगाची तीन तिकिटं आहेत. कोर्टात जज्जने विचारलं होतं, एवढी कसली घाई होती? तर मामी म्हणाल्या, "युवर ऑनर, छत्तीस वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसतेय. बॅकलॉग आहे." जज्ज हसला, दंड मात्र कमी झाला नाही. मामांनी या सूचनेला आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग रात्रभर जागून सकाळी पुन्हा नाही म्हटलं. तोवर मामींनी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन टाकली होती. त्यांचा रक्तदाब विशीतल्या मुलीसारखा बघून डॉक्टरने म्हणे यंत्र बदलून पुन्हा मोजला.

आग लागली तर चालकाला डोळे मिटूनसुद्धा झटपट बाहेर पडता यायला हवं, असा तिथला नियम. त्यासाठी मामी ड्राइव्हवेवर, अंगात आगीपासून वाचवणारा जाड पोशाख आणि डोळ्यांवर ओढणी बांधून, पिकअपच्या खिडकीतून बाहेर पडायचा सराव करायच्या. समोर मामा स्टॉपवॉच घेऊन. संध्याकाळी फिरायला निघालेली मंडळी थबकायची, "ऑल ओके काकू?" म्हणून विचारायची. आतून आवाज यायचा, "मध्ये बोलू नका यार, वेळ मोजतायत!"

पिकअप ट्रेलरवर घालून ते दोघं पाच दिवसांत युटाला पोचले. मी विमानाने गेलो. मला नोकरी आहे. मिठाचं ते मैदान म्हणजे नजर पोचेल तिथवर पांढरं, आणि ऊन खालूनही भाजतं. नाकपुड्यांच्या आतसुद्धा सनस्क्रीन लावावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवख्या चालकाला एकदम सुसाट सोडत नाहीत, पायरीपायरीने वेग वाढवू देतात. मामी तीन दिवसांत सगळ्या पायऱ्या चढल्या. आणि चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी गाडी अशी काढली, की विक्रमापेक्षा ताशी दोन मैल जास्त! मी किंचाळलो. मी आजवर कशालाही किंचाळलो नव्हतो. शेजारच्या तंबूतल्या दाढीवाल्याने मला उचललं.

मामा मात्र दुर्बीण खाली घेईनात. शेवटच्या मैलात पिकअपची मागची बाजू एकदा घसरली होती. जेमतेम हातभर, पण त्या वेगात. मामींनी ती सावरली, थांबण्यासाठी मागचं पॅराशूट उघडलं, हेल्मेट काढून आल्या तेव्हा चेहरा नुसता फुललेला. "अहो, अजून दम आहे तिच्यात! उद्या पूर्ण दाबते."

कारण नियम असा, की एका फेरीने विक्रम होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळायचं आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरायची. संध्याकाळी गाडीवर थोडा वेळ काम करू देतात. मामा गाडीखाली शिरले. मी सवयीने बॅटरी घेऊन गेलो तर म्हणाले, "आज नको. तुम्ही जेवून घ्या." मला वाटलं, चला, बढती मिळाली.

सकाळी मामी निघाल्या. आवाज छान, धूर छान, गाडी ओढून धरल्यासारखी सरळ. तंबूत रेडिओवर आकडा आला. विक्रमापेक्षा तीन मैल कमी. सरासरी काढायला कागद लागला नाही. अर्ध्या मैलाने गेलं! मामींना विचारायला लोक जमले, काय झालं, टर्बो गेला का? मामी हसत म्हणाल्या, "आय गॉट स्केअर्ड. मीच घाबरले हो, पाय काढला." दाढीवाल्याने त्यांना मिठी मारली, पुढच्या वर्षी नक्की म्हणाला. मामा लांब उभे राहून पॅराशूटची घडी घालत होते. पाच मिनिटांत संपणारी घडी त्यांना अर्धा तास पुरली.

पिकअप ट्रेलरवर चढवायला मी आत बसलो तेव्हा वेगाचं पॅडल खालपर्यंत जाईना. वाकून बघितलं, तर पॅडलमागे एक बोल्ट उभा केलेला, वर नट घट्ट आवळलेला, कापलेली कड अजून चकाकत होती. मी तसाच बसून राहिलो. सहा वर्षं. करंज्या, बर्फ, बासमती, माझे तीनशे शनिवार. आणि शेवटच्या संध्याकाळी, स्वतःच्या हाताने! खरं सांगतो, आधी मला भयंकर राग आला. मामांना जाऊन गदागदा हलवावंसं वाटलं. नंतर मला ती दुर्बीण आठवली आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

मामी ट्रेलरच्या सावलीत मीठ लागलेले बूट झटकत होत्या. मी हळूच विचारलं, "मामी, तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? पहिल्याच मैलात पाय आपटला."

"मग सांगितलं का नाही? आपण काहीतरी केलं असतं."

"सांगितलं असतं, तर इतक्या लोकांसमोर त्यांना मान खाली घालावी लागली असती. ब्रेकवाला म्हणून आधीच एकदा हसलेत त्यांना." मामी दुसरा बूट झटकू लागल्या. "आणि काल मी घसरले तेव्हा त्यांचं तोंड बघितलंस तू? मी बघितलं नाही, पण मला माहीत आहे. तू यांना काही बोलायचं नाहीस. मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये."

याला आता दोन वर्षं झाली. पिकअप विकला, नेब्रास्कातल्या एका जोडप्याने घेतला आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांनी त्याच गाडीवर तो विक्रम मोडला. वहीत त्यांचं नाव आहे, आणि ते वाजवीच आहे. मंडळाच्या कार्यक्रमात अजूनही कुणी ना कुणी मामींची थट्टा करतं, "काय काकू, ऐन वेळी पाय काढलात!" मामी म्हणतात, "घाबरले रे बाबा." मग मामा एरवी कधी चढवत नाहीत असा आवाज चढवून म्हणतात, "ती घाबरत नाही. गाडी कमी पडली." मामी म्हणतात, "गाडी उत्तम होती." मामा म्हणतात, "नव्हती." दोघं चाळीस माणसांसमोर भांडतात, आणि मी चिवडा खात बसतो. चिवडा खाणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं.

मामांचा उजवा डोळाही आता थकलाय. गाडी चालवणं पूर्ण बंद. परवा मी त्यांना डॉक्टरकडून घरी सोडायला निघालो. माझ्या ब्रेकना त्यांनी एकदाही नावं ठेवली नाहीत. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "जावईबुवा, मिठावर मी एक चूक केली होती. तिला सांगायची राहून गेलीय. तिला कळलं, तर काय म्हणेल हो ती?"

मी मामींना शब्द दिला होता. सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवायला लागला.

"काही नाही म्हणणार, मामा," मी म्हणालो. "अगदी काही नाही."

मामांनी मान हलवली, खिशातून रुमाल काढला आणि दोन्ही डोळे पुसले.