बैलाच्या कष्टाचं पडवळ

कोतवड्याच्या महिपत शितपांचं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलं. तिथे प्रत्येक नटाला नंबर असतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसात सेंद्रिय भाजी करायला घेतली, आणि मातीला नंबर नसतात हे त्यांच्या लक्षात आलं.

शिकवणी मोबाइलवर, गुरू घाटावरचे. "पाणी देण्याआधी मातीत बोट घालून ओल तपासा," असं ते सांगत. महिपतराव भर जुलैत एका हाताने छत्री सावरून दुसऱ्या हाताचं बोट वाफ्यात घालत. ओल असे.

यंदा चुकून चालणार नव्हतं. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई ऋषिपंचमी धरतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाने हाताने पिकवलेलंच खायचं. "ऋषीच्या भाजीची बाजारातली जुडी यंदा नको. तुमच्या परसातलं असेल तर जेवेन, नाहीतर उपाशी," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. म्हणून महिपतरावांनी सगळं कुदळीने खणलं. कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. पण पडवळ, भेंडी, माठ, सगळं आलं.

ऋषिपंचमीच्या सकाळी शेजारचा काशीराम गणपतीच्या पाया पडून मागीलदारी डोकावला. दमयंतीबाई भाजी चिरत होत्या.

"वयनी, पडवळ काय झालंय! आमच्या बैलांची कृपा."

विळी थांबली. "बैलांचा काय संबंध?"

"शेण आमचंच ना. ताजं पायजे म्हणून दादा बादली घेऊन नांगराच्या मागनं फिरत होते."

"जीवामृताच्या खताला लागतं," महिपतराव म्हणाले. "गायीचं सांगितलेलं, पण गाय आहे कुणाकडे आता?"

"म्हणजे हे बैलाच्या कष्टाचं झालं."

"अगो, शेण टाकायला कष्ट कसले?"

"नांगर ओढता ओढता टाकलं ना?"

"पण नांगर याच्या शेतात होता! परसात मीच होतो."

"तुमच्या कमरेबद्दल वाद नाही," दमयंतीबाई म्हणाल्या.

"बैल थांबून टाकतो की चालता चालता, ते काय मी बघितलं नाय," काशीरामने खरं ते सांगितलं. त्याने कुणाचंच समाधान झालं नाही.

भाजी शिजली. आता ती ऋषींपुढे ठेवायची की नाही? "ज्याचे कष्ट, त्याला आधी," दमयंतीबाईंनी ठरवलं आणि दोन केळीची पानं वाढून काशीरामचा गोठा गाठला. मागून महिपतराव, कंबर धरून.

एका बैलाने भाजी पानासकट खाल्ली. दुसऱ्याने हुंगली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"शेण यातल्या कुणाचं होतं?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"बादलीत दोघांचं," महिपतराव म्हणाले.

घरी येऊन दमयंतीबाईंनी नैवेद्य दाखवला आणि त्या जेवायला बसल्या. भाजी मात्र नेहमीच्या निम्मीच वाढून घेतली. महिपतराव समोर बसून होते. बाग साधली की फसली, हे त्यांना कळेना, आणि विचारायचं कुणाला, तेही.