आत्यांनी बांधलेलं अनुबियास

रविवारी सकाळी आमच्या महाळुंगे पडवळच्या घरात जे घडलं, त्यातून मी अजून सावरलेली नाही...

माझा फिशटँक तुम्ही फोटोत पाहिलाच असेल. लग्न झाल्यावर पुण्याहून इथे येताना मांडीवर धरून आणलेले मासे, त्यातला मोठा एंजल तर माझा जीव की प्राण. यावेळी प्लास्टिकची झाडं काढून खरी, पाण्यात वाढणारी अनुबियास मागवली.

या झाडाची तऱ्हाच न्यारी. जाड खोड वाळूत गाडलं की सडतं, म्हणून ते टँकमधल्या लाकडाला किंवा शोपीसला दोऱ्याने बांधायचं... मग मुळं हळूहळू धरतात. मी बांधलेलं प्रत्येक रोप मात्र सुटून वर तरंगायला लागलं!

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, लांबून बघत होत्या. टोमॅटो बांधण्यात हयात गेलेली बाई... त्यांना राहवेना. "आण हिकडं, तुला न्हाई जमायचं." तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला आणि मी खुशाल सगळं त्यांच्या हवाली केलं.

परत आले तर काय सुंदर काम! लाकडावर, शोपीसच्या छोट्या किल्ल्यावर एकेक रोप घट्ट बसलेलं. फोटोसाठी मोबाईल वर केला... आणि हात तसाच राहिला. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. एंजल आडवा झाला होता.

"आत्या, पाण्यात काय टाकलंत?"

"पाण्यात काय बी न्हाई. रोपं तेवढी औषधात बुडवली, न्हाईतर मर लागून वाळत्यात. लाकडाला बुरशी आलती, तेबी बुडवलं."

टोमॅटोची रोपं लावण्याआधी ज्या बुरशीनाशकात बुडवतात, ते! शेडमध्ये बादलीत उरलं होतं...

मी काय काय ओरडले ते इथे लिहीत नाही. मासे टबात काढले. लाईट नव्हती, मोटर बंद. आत्या पदर खोचून विहिरीवरून बादल्या आणत राहिल्या.

बाकीचे वाचले. एंजल गेला.

आत्या त्याला ओंजळीत घेऊन परसात गेल्या. बऱ्याच वेळाने मी मागे गेले तर कढीपत्त्याखाली खड्डा करत त्या हुंदके देऊन रडत होत्या... "लई जीव लावला व्हता रं तिनं तुला. माझ्याच हातानं घात झाला..."

दर बुधवारी बोंबील तळणारी ही बाई, एका माशासाठी!

त्यांच्याजवळ मातीत बसले. माझ्या माहेरी या माशांना सगळे 'खूळ' म्हणायचे. ते खूळ आपलं मानून रडणारं माणूस मला सासरी भेटलं.