वडिलांच्या नावावर घातलेली तोड

पाटणच्या वर डोंगराच्या उतारावर आमची थोडी जमीन आहे. तिच्या वरच्या अंगाला वनखात्याचं जंगल, खालच्या अंगाला गावची देवराई. मधला आमचा पट्टा माझ्या लहानपणी नुसतं रान होतं. ऐन, जांभूळ, अंजन आणि करवंदीच्या जाळ्या. जंगल कुठं संपतं आणि राई कुठं सुरू होते, ते त्या रानामुळं कळायचंच नाही.

फौजेतून पेन्शनवर आलो आणि दुसऱ्याच वर्षी, शिमगा झाल्यावर, जेसीबी लावून मी तो पट्टा साफ केला. पावसाळ्याआधी तिथं आलं लावलं. इतकी वर्षं बाहेर काढून आलेल्या माणसाला आपल्या हातानं काहीतरी उभं करावंसं वाटतं, तसं मला वाटत होतं. गावात कुणी काही बोललं नाही. जमीन माझी होती.

राईच्या कडेला माझ्या चुलतीचं शेत आहे. चुलता जाऊन बरीच वर्षं झाली. ती एकटीच भोपळा, दोडका, काकडी करते आणि पाटणच्या बाजारात नेऊन विकते. पट्टा तोडल्यानंतर दोन-तीन वर्षांत तिच्या वेलांना फुलं यायची, पण मागची इवलीशी फळं पिवळी पडून गळायची. मग ती रोज सकाळी नर फुलं खुडून, त्यांचा केसर मादी फुलांवर घासत वेलांमधून वाकून फिरायला लागली. मी बांधावरून जाताना ते पाहायचो. जमिनीचा कस गेला असेल, असं मी तिला एकदा सांगितलंही. तिनं मान हलवली आणि पुढच्या फुलाकडं गेली.

पट्टा मोकळा होऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा कॉलेजची एक मुलगी रानातल्या मधमाश्यांचा अभ्यास करायला आमच्याकडं आली. मूळची कुंडलची. दोन महिने आमच्याच घरात राहिली. पहाटे निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या वाट्यांत साबणाचं पाणी घालून जंगलात आणि राईत ठेवायची, दुपारी त्यात पडलेल्या माश्या बारीक चिमट्यानं उचलून डब्यांत भरायची. मधमाशी म्हणजे पोळ्यातली, एवढंच मला माहीत. तिनं मातीत भोक पाडून एकट्या राहणाऱ्या माश्या दाखवल्या, पोटावर निळे पट्टे असलेली एक दाखवली, चिलटाएवढ्या, डंख न मारणाऱ्या दाखवल्या. मोठी माशी लांबवर उडते, पण या बारक्या जवळपासच फिरतात, मध्ये उघडी जागा आली की पलीकडं जात नाहीत, असं ती सांगायची. काकडी-भोपळ्याला फळ धरतं ते यांच्यामुळंच, हेही तिच्याकडूनच कळलं. तिच्या गावात ऊस रस्त्याला भिडलाय, बांधसुद्धा राहिले नाहीत, म्हणून ती इतक्या लांब आली होती.

एके दिवशी दुपारी ती नकाशा घेऊन ओट्यावर बसली होती. चुलती भोपळ्याची पानं द्यायला आली होती, ती दारातच उभी होती. मुलीनं विचारलं, "काका, हा मधला पट्टा कधीपासून उघडा आहे?"

मी म्हणालो, "लय वर्षं झाली. आमच्या वडिलांच्या वेळची तोड हाय ती."

का बोललो ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिचा हात पेन्सिल धरून थांबला होता, आणि 'मी' हा शब्द तोंडाबाहेर येईना. तिनं वहीत तसं लिहून घेतलं. चुलतीनं पानं ठेवली आणि गेली.

जायच्या आदल्या दिवशी मुलीनं शाळेत गावाला बोलावून आपलं काम समजावून सांगितलं. राईत बारक्या माश्या जंगलापेक्षा कमी आहेत, काही जाती तर सापडल्याच नाहीत. पण तोड जुनी आहे, पन्नासेक वर्षांची, त्या अर्थी जे तगायचं ते तगलंय, आता फारशी घसरण होणार नाही, असं ती म्हणाली. लोकांना बरं वाटलं. तोड कुणाची ते त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक होतं, पण माझ्या देखत मला खोटं कोण पाडणार. मी मागच्या बाकावर बसलो होतो. जी घसरण नुकती सुरू झाली होती, ती माझ्या एका वाक्यानं कागदावर संपवून टाकली होती.

तिथून मी चुलतीकडं गेलो. ती घेवडा निवडत बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "सांगितलंस का तिला?"

मी न्हाई म्हणालो.

"तुझ्या बापानं त्या रानातलं वाळकं लाकूडसुद्धा जळणाला आणू दिलं न्हाई कुणाला. मी मागितलं तवा मला बी न्हाई दिलं," ती म्हणाली. "तू तोडलंस ते तोडलंस. त्येच्या अंगावर कशाला घातलंस रं?"

तिच्या वेलांचं मी काय केलं, त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी मी मुलीला पाटणच्या स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला अवकाश होता. बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. मग वही काढून तिनं ती ओळ खोडली आणि विचारायला लागली: महिना कोणता, मशीन किती दिवस चाललं, पाला जाळला का. रागावली असेल, पण आवाजात ते नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, "तोडताना कुठं पोळं दिसलं होतं का?"

हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. पट्ट्याच्या मधोमध एक म्हातारा ऐन होता, त्याच्या ढोलीत सातेरी मधमाश्यांची वसाहत होती. मशीनवाल्यानं मला विचारलं होतं, हे ठेवायचं का. ऐन वाफ्यांच्या ओळीत येत होता. मी पाड म्हणालो. ढोली फुटली, मध मातीत गेला. पुढं तीन दिवस माश्या तिथंच, झाड होतं त्या उंचीवर, मोकळ्या हवेत घिरट्या घालत होत्या. चौथ्या दिवशी दिसल्या नाहीत, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तेही मी तिला सांगितलं.

तिनं लिहून घेतलं. गाडी लागली तशी उठून म्हणाली, "काका, मला सगळं परत मांडावं लागेल." मी तिची पिशवी वर चढवून दिली. माफी मागायची राहून गेली.

पुढच्या हंगामात मी त्या पट्ट्यात आलं लावलं नाही. रोपवाटिकेत आमच्याकडची झाडं मिळेनात, म्हणून वरच्या जंगलाच्या कडेनं ऐनाच्या, जांभळाच्या बिया गोळा केल्या. निम्मी रोपं गुरांनी खाल्ली, काही उन्हानं गेली. आधी वर आली ती घाणेरीच; ती उपटायला लागते. शाळेत पुन्हा बैठक झाली नाही, पण दूध डेअरीपाशी, देवळापाशी, जिथं विषय निघाला तिथं मी सांगत गेलो की ती तोड माझी, वडिलांची नव्हे. काहीजण हसले. एवढं काय त्यात, म्हणाले. चुलतीनं ऐकलं असणार. तिचं माझं बोलणं पहिल्यासारखं आहे, कामापुरतं.

मुलीचा मध्ये फोन आला होता. रोपं किती उंच झाली ते तिनं विचारलं. गुडघ्याएवढी, मी सांगितलं. यात माश्या कधी घर करतील, असं मी विचारलं, तर ती म्हणाली की फुलं लवकर येतील, पण ढोली धरायला झाड म्हातारं व्हावं लागतं. मी साठीला आलोय. मी बरं म्हणालो आणि पाणी घालायला गेलो.