कॉम्पॅक्टमधलं भिंग

माझे काका चष्मेवाले. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाने बाहेर ताटकळायचं. एका टोकाला तपासायची खुर्ची, दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मधे काउंटर आणि काउंटरमागे काकू. लग्न झाल्यापासून काकू तिथेच बसते. फ्रेमा पुसते, बारके स्क्रू ज्याच्या त्याच्या डबीत टाकते आणि गिऱ्हाइकांची बडबड ऐकते, कारण काकांना ती सोसत नाही. काकांना माणसं आवडत नाहीत असं नाही. पण डोळ्यांच्या खालचा माणूस त्यांना फारसा ठाऊक नसतो. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलंय आणि ते 'हं' म्हणालेत.

गेल्या वर्षी काकूचे स्क्रू चुकायला लागले. दांडीचा स्क्रू नाकपट्टीच्या डबीत, नाकपट्टीचा भलतीकडेच. सकाळी ती काकांना पेपर वाचून दाखवायची, तेही बंद झालं. "तुम्हीच वाचा, माझा घसा बसलाय." घसा काही उठेना. काका इमानेइतबारे खोकल्याच्या गोळ्या आणत राहिले आणि काकू त्या निमूटपणे चघळत राहिली. मी ऑफिस सुटलं की घरी जाण्याआधी दुकानात टेकते, त्यामुळे यातलं बरंच माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

शेवटी एका संध्याकाळी काकांनी तिला खुर्चीत बसवलं. "वाच."

काकूने तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला.

"बघ," काका मला म्हणाले, "हिची लांबची नजर कॉलेजातल्या पोरीची आहे. जवळचं कमी झालंय, ते वयाने होणारच. एक चांगलं भिंग दिलं की काम झालं." त्यांच्या तोंडून बायकोचं इतकं कौतुक मी जन्मात ऐकलं नव्हतं. काकू खुर्चीतून उठली आणि काउंटरमागे जाऊन बसली.

काकूकडे एक पितळी कॉम्पॅक्ट, म्हणजे झाकणात आरसा असलेली पावडरची डबी होती, लग्नाआधी नोकरी करायची तेव्हा हौसेने घेतलेली. झाकणावर उठावाचं फूल. पावडर केव्हाच संपली होती, पफचा भुगा झाला होता, आरशावर काळे डाग पडले होते. तरी काकू ती टाकायची नाही. वैतागली किंवा घाबरली की ती डबी मुठीत धरायची आणि अंगठा त्या फुलावरून फिरवत राहायची. मी लहानपणापासून बघत आलेय.

काकांनी ती गुपचूप पळवली. लग्नाच्या वाढदिवसाला द्यायची म्हणाले. आजवर या माणसाने बायकोला दिलेली एकुलती एक भेट म्हणजे चष्म्याची केस, म्हणून मीही हुरळले. त्यांनी आरसा काढला. पण आरशामागे झाकणाचा पत्रा, त्यातून दिसणार काय? मग झाकण मधोमध गोल कापलं. उरलेल्या कड्यात स्वतः घासलेलं भिंग बसवलं, पावडरच्या जागी काच पुसायला मखमलीचा तुकडा चिकटवला, बिजागरीत नवी पिन घातली. झाकण उघडलं की तेच भिंग.

"काका, फूल तेवढं ठेवा ना," मी म्हटलं होतं.

"फुलातून वाचता येतं का?" ते म्हणाले.

वाढदिवशी मीही सकाळीच आले होते; दुकान उघडायच्या आधी त्यांनी डबी काकूच्या हातात ठेवली. हात लागताच तिने ती ओळखली. चेहरा खुलला, अंगठा सवयीने झाकणावर गेला आणि काचेवरून घसरला.

"फूल कुठंय?"

"त्याच्या जागी भिंग आहे. उघड तर. आता पेपर वाच, स्क्रू लाव, कोणाचं तोंड बघायला नको."

काकूने डबी उघडली. काकांनी पुढे सरकवलेल्या पेपरवर भिंग धरलं. आम्ही थांबलो.

"छान झालंय," ती म्हणाली. "अक्षर कसं स्वच्छ दिसतंय."

"काय लिहिलंय?"

"तेच रोजचं. पुढाऱ्यांची भांडणं."

पानभर नोकरीच्या जाहिराती होत्या.

काकांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं, भिंतीपाशी गेले, तक्ता खिळ्यावरून काढला आणि माझ्या हातात दिला. भिंतीवर नुसता फिकट चौकोन उरला.

"वाच."

काकूने वाचलं. एकामागून एक, सगळ्या ओळी. शेवटच्या ओळीत एका अक्षरापाशी जराशी अडखळली, कारण तिथे सगळेच अडखळतात. इतकी वर्षं काउंटरमागे बसून तिने तो तक्ता गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकला होता. अडखळण्यासकट पाठ झाला होता. मला हातातला तक्ता तिच्या अंगावर भिरकावून द्यावासा वाटला, आणि लगेच काकांच्या.

"थांब," काका म्हणाले. "तक्ता काढलाय."

"मग तसं सांगायचं," काकू म्हणाली.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. समोर बघितलं की मधे डाग येतो. कडेचं दिसतं, म्हणून चालता येतं. तुम्ही दिसता, तुमचं तोंड दिसत नाही." तिने डबी मिटली. "त्या संध्याकाळी सांगणारच होते. पण तुम्ही वाच म्हणालात आणि तोंडातून आपोआप निघालं. तुम्ही इतके खूश झालात. कॉलेजातली पोरगी म्हणालात. मग कुठल्या तोंडाने सांगायचं?"

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून दोन्ही डोळे तपासले. पडद्याचा मधला भाग गेला होता. सुरुवातीला आला असतात तर इंजेक्शनांनी थोपवून धरलं असतं, म्हणाल्या, आता काही करता येणार नाही. मग काका काय करतात हे कळल्यावर सहज विचारलं, "घरचंच चष्म्याचं दुकान, आणि लक्षात आलं नाही?"

"तपासलं होतं," काका म्हणाले.

दुकानात परतल्यावर भंगाराच्या डब्यातून त्यांनी ते कापलेलं फूल शोधून काढलं. "परत जोडून देतो," काकूला म्हणाले. "आरसाही बसवतो."

"राहू दे. जोड लागेल बोटाला. आणि आरसा काय करायचाय मला?"

मला फार वाईट वाटतं. राग काढायला कोणीतरी हवं होतं, आणि दोघांपैकी कोणावरही तो धड निघत नाही.

अजून ती काउंटरमागे बसते. स्क्रू आता मी लावते. गिऱ्हाईक नसलं की काकू ती डबी उघडते, मखमलीवर बोटं टेकवते आणि गालांवरून फिरवते. भिंग आरशासारखं तोंडासमोर धरते आणि विचारते, "अहो, ठीक दिसतेय का?"

काका समोर खुर्चीत बसलेले असतात. भिंग त्यांनी उत्तम घासलंय. त्यातून त्यांना तिचा डोळा दिसतो, मोठा, स्वच्छ, पापणीचा केस न् केस. "ठीक दिसतेस," ते म्हणतात. मग तेही तिला दिसावेत म्हणून ती मान बाजूला वळवते, डोळ्याच्या कडेने त्यांना शोधते, आणि भिंगात नुसता तिचा कान उरतो.